टीव्हीवर दिसलेलं हॉटेल आणि आपल्यापुढे आलेलं ताट

सप्रेम नमस्कार.

माझ्या नवऱ्याला टीव्हीवरच्या खाण्याच्या कार्यक्रमांचं वेड आहे. कुठल्या भागात कुठलं हॉटेल दाखवलं, तिथला कुठला पदार्थ नावाजला, सगळं यांच्या मोबाइलमध्ये टिपलेलं असतं. कुठेही फिरायला निघालो की आमचा रस्ता त्या यादीवरून ठरतो. मागच्या सहलीत एका हॉटेलासाठी वाट वाकडी करून गेलो. दीड तास रांगेत उभे राहिलो. आत गेल्यावर नीट टेकायच्या आत वेटरने ऑर्डर मागितली, ताट आलं ते कोमट, आणि टीव्हीवर जो पदार्थ बघून तोंडाला पाणी सुटलं होतं तो ओळखूसुद्धा येईना. हे मात्र बाहेर पडताना म्हणाले, "काय अप्रतिम होतं ना!" मी गप्प बसले. हे काही पहिल्यांदाच झालेलं नाही.

आता दोन महिन्यांनी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. जेवण कुठे, तर पुन्हा टीव्हीवर दाखवलेल्याच एका हॉटेलात, असं यांनी परस्पर ठरवून टाकलंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. मला दोनच गोष्टी सांगा. ही हॉटेलं खरंच तेवढी चांगली असतात, की पैसे देऊन दाखवून घेतात? आणि या जेवणाचं मी काय करू?

– यादीला कंटाळलेली

---

नमस्कार.

तुमचे हे घरोघरी सापडतात. त्यांच्यावर फार रागावू नका, त्यांचं सगळंच चुकतंय असं नाही. आधी पहिल्या प्रश्नाकडे वळते, कारण तो सुटला की दुसरा निम्मा सुटतो.

टीव्हीवर दाखवलेली हॉटेलं बहुतेक वेळा चांगलीच असतात. फक्त तुम्ही पडद्यावर पाहता ते हॉटेल कार्यक्रम दाखवला जाण्याआधीचं असतं आणि जेवायला जाता ते नंतरचं. पाटी तीच, पत्ता तोच. पण कॅमेरा आत गेला त्या दिवशी तिथे कार्यक्रम बघून आलेला एकही गिऱ्हाईक नव्हता आणि तुम्ही गेलात त्या दिवशी रांगेतले बहुतेक सगळे तेच होते. तुमच्यासकट. तुमच्या ताटाचं जे काही झालं त्यातलं बरंचसं इथून सुरू होतं.

पैशांचं म्हणाल, तर सरसकट उत्तर देता येत नाही. मोठ्या वाहिन्यांचे जुने, नावाजलेले कार्यक्रम सहसा हॉटेलकडून पैसे घेऊन जागा विकत नाहीत. इंटरनेटवरच्या छोट्या व्हिडिओंमध्ये मात्र पैसे किंवा फुकट जेवण घेऊन कौतुक करण्याचा प्रकार चालतो. पर्यटन खात्यांच्या मदतीने बनणारे कार्यक्रमही असतात, त्यात कुणी नाक मुरडताना दिसणार नाही हे उघड आहे. तरी मला पैशांपेक्षा निवडीचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कार्यक्रमासाठी हॉटेलं शोधणारी माणसं चव बघतात, पण चवीबरोबर आणखी बरंच काही बघतात. मालक कॅमेऱ्यासमोर मोकळं बोलतो का? आजीच्या हातची पाककृती, बुडता बुडता वाचलेला धंदा, असं काही सांगण्यासारखं आहे का? स्वयंपाकघरात जाळ, धूर, उकळी, काहीतरी बघण्यासारखं घडतं का? शेजारच्या गल्लीत त्याहून चांगलं जेवण देणारा एखादा घुम्या स्वयंपाकी असेल, पण त्याच्यावर सात-आठ मिनिटं काढता येत नाहीत. म्हणून तो तुमच्या यादीत येत नाही.

शिवाय हॉटेल कशासाठी निवडलं गेलं, हे कार्यक्रमाच्या जातीवरून कळतं. अ‍ॅडम रिचमनचा 'मॅन व्हर्सेस फूड' २००८ मध्ये सुरू झाला, त्यात अवाढव्य ताटं संपवण्याच्या पैजा असायच्या. तिथून हॉटेल उचललंत तर तुम्हाला आकार मिळेल, चवीची हमी त्या कार्यक्रमाने दिलेलीच नव्हती. गाय फिएरीचा 'डायनर्स, ड्राइव्ह-इन्स अँड डाइव्ह्ज' २००७ पासून चालू आहे. त्यात साध्या, घरगुती वळणाच्या हॉटेलांचं स्वयंपाकघर आतून दाखवतात, पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा होतो ते बघायला मिळतं. कुठला मसाला भाजून घेतला, काय रात्रभर मुरवलं, हे कळल्यामुळे या जातीचे कार्यक्रम मला जास्त भरवशाचे वाटतात. करणाऱ्याचा हात दिसतो ना. गॉर्डन रॅमसेचा 'किचन नाइटमेअर्स' आणखी तिसऱ्याच जातीचा. तिथे हॉटेल निवडलंच जातं ते बुडायला आलेलं म्हणून. मूळ ब्रिटिश कार्यक्रम २००४ मध्ये आला, अमेरिकी अवतार २००७ मध्ये, आणि त्यात दिसलेली बरीच हॉटेलं पुढे बंद पडली. असल्या हॉटेलाचं नाव तुमच्या यांच्या यादीत असेल तर तेवढं आजच खोडायला सांगा.

आता ताट ओळखू का आलं नाही, त्याबद्दल.

एका छोट्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात शूटिंग चालू असताना मी कोपऱ्यात उभी होते. हॉटेल त्या दिवशी बंद ठेवलं होतं, म्हणजे आचाऱ्याला दुसरी एकही ऑर्डर नव्हती. त्याने एक ताट वाढलं. दिवे लावेपर्यंत त्याच्यावर साय धरली. दुसरं केलं. निवेदकाने घास घेतला, मागे कुणाचा तरी फोन वाजला. तिसरं. मग फक्त रश्श्याचं जवळून चित्रण, त्यासाठी वेगळा वाडगा, त्यावर ब्रशने तेलाचा हात फिरवलेला, मागच्या बाजूने दिवा, म्हणजे वाफ उठून दिसते. कोथिंबिरीचं एकेक पान चिमट्याने ठेवलेलं. मालकाची आई दारात उभी राहून सारखी विचारत होती, "एवढं सगळं खाणार कोण?" फसवाफसवी कुणीच करत नव्हतं. पदार्थ त्याच आचाऱ्याने, त्याच कढईत केला होता. मी खाल्ला, चांगला होता. पण पडद्यावर जे आलं ते त्या आचाऱ्याच्या आयुष्यातलं सगळ्यात निवांत, सगळ्यात निगुतीने केलेलं ताट होतं. त्यावरून तिथलं रोजचं ताट ठरवणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून संसाराचा अंदाज बांधणं.

आवाजाचाही यात वाटा आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००४ मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना मायक्रोफोनसमोर बटाट्याचे वेफर्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांनाच ऐकवला. आवाज वाढवला किंवा त्यातला चरचरीत भाग वाढवला की तेच वेफर्स लोकांना जास्त कुरकुरीत, जास्त ताजे वाटले. या संशोधनाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. आता टीव्ही आठवा. तेलात पडल्याबरोबरचा चर्रर्र, सुरीखाली मोडणारा पापुद्रा, निवेदकाच्या दाताखालचा कुर्रकन आवाज, हे सगळं माइक जवळ धरून टिपलेलं असतं, कधी नंतर चढवलेलंही. तुम्ही घरी सोफ्यावर बसून कानांनी अर्धं जेवण जेवलेल्या असता. आणि प्रत्यक्षात? भांड्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस, काउंटरवरून ओरडून पुकारलेले नंबर. गोंगाटात मीठ आणि गोडवा दोन्ही कमी जाणवतात, असंही २०११ मधल्या एका प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा तुमच्या ताटाला चव कमी होती की तुम्हाला ती कमी लागली, याचा निवाडा मी इथे बसून करू शकत नाही. कोमट होतं ते मात्र कोमटच होतं, त्याचा दोष कानांवर ढकलता येणार नाही.

कोमट का होतं, ते कळायला कार्यक्रम दाखवल्यानंतरच्या स्वयंपाकघरात जायला हवं.

समजा एखाद्या हॉटेलची कुवत संध्याकाळी साठ ताटांची आहे. तेवढे गॅस, तेवढी भांडी, तेवढेच हात. कार्यक्रम दाखवला गेला आणि दुसऱ्या आठवड्यात दारात तीनशे माणसं उभी राहिली. मालकापुढे तीनच वाटा असतात. रांग लांबू द्यायची, दार लोटून घ्यायचं किंवा स्वयंपाक वाढवायचा.

रांग लांबू देणाऱ्यांमध्ये बँकॉकच्या जे फाय यांचं नाव घ्यावं लागेल. डोळ्यांवर स्कीइंगचा गॉगल लावून, कोळशाच्या धगधगत्या शेगडीवर प्रत्येक ऑर्डर स्वतः करणाऱ्या या बाई. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्या साध्याशा हॉटेलला 'मिशेलिन' या जगभर मानल्या जाणाऱ्या हॉटेल-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या आशियाई स्ट्रीट फूडवरच्या मालिकेने त्यांना जगभर पोहोचवलं. पण कढईपाशी माणूस एकच. म्हणजे ताटं तेवढीच, खुर्च्या तेवढ्याच, वाढलं ते फक्त थांबणं. लोक तासन्‌तास ताटकळायला लागले. तारा मिळाल्यावर दोनेक महिन्यांतच, तो परत करता आला तर बरं, अशा अर्थाचं त्या बोलल्या होत्या. खायला येणाऱ्यांपेक्षा बघायला येणारेच वाढले, ही त्यांची तक्रार. अशा ठिकाणी ताट सहसा निराश करत नाही. पायांचे हाल मात्र होतात.

दार लोटून घेण्याचं उदाहरण टोकियोचं. जिरो ओनो यांच्या सुशीच्या दुकानात जेमतेम दहा माणसं बसतात. २०११ मध्ये त्यांच्यावर माहितीपट आला आणि सगळ्या जगाला तिथे जेवायचं झालं. पुढे तिथलं आरक्षण सर्वसामान्यांसाठी जवळजवळ संपलंच, आणि त्याच कारणासाठी २०२० च्या मिशेलिन मार्गदर्शिकेतून ते दुकान वगळलं गेलं. चव घसरली म्हणून नव्हे. जिथे कुणालाही जाता येत नाही त्याची शिफारस कशी करायची, एवढाच प्रश्न होता.

बाकीचे बहुतेक मालक तिसरी वाट धरतात, आणि त्यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षं कर्ज फेडणाऱ्या माणसाच्या दारात अचानक तीनशे गिऱ्हाइकं आली तर तो त्यांना परत कसा पाठवेल? तो नवी मुलं कामाला घेतो, त्यांचा हात बसायला वेळ लागतो. ऑर्डर आल्यावर कापायचं ते सकाळीच कापून ठेवलं जातं. वाटण दोन दिवसांचं एकदम होतं. टीव्हीवर गाजलेला पदार्थ दहातले आठ जण मागणार हे माहीत असल्यामुळे तो अर्धवट करून ठेवतात आणि ऑर्डर आली की शेवटचा हात फिरवून वाढतात. इथे तुमचं ताट कोमट होतं. टेबलं लवकर मोकळी व्हावीत म्हणून वेटर तुम्ही बसायच्या आत वही काढतो. आणि रोजचं गिऱ्हाईक, ज्याला काल मीठ जास्त झालं तर तो आज तोंडावर सांगायचा, ते रांग बघून यायचं सोडतं. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते हेच. टीव्ही बघून आलेला माणूस एकदाच येतो, फोटो काढतो, जातो. त्याला तुलना करायला काल नसतो. स्वयंपाकघराला वळण लावणारी तोंडं निघून जातात आणि ती गेल्याचं गल्ल्यावर बसलेल्याच्या लवकर ध्यानातही येत नाही, कारण गल्ला भरलेला असतो.

कार्यक्रम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. जगभर फिरून खाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या अमेरिकी अँथनी बोर्डेनने रोमवरच्या एका भागात एका छोट्या खानावळीत मनसोक्त जेवून दाखवलं आणि तिचं नाव मुद्दाम सांगितलंच नाही. मला तो त्याचा सगळ्यात प्रामाणिक घास वाटतो.

त्याच बोर्डेनची दुसरी गोष्ट. मे २०१६ मध्ये तो हनोईतल्या एका साध्या हॉटेलात तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बराक ओबामा यांच्याबरोबर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून 'बुन चा', म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवया, जेवला. बिल झालं ६ डॉलर, ते त्यानेच दिलं. २०१८ मध्ये हॉटेलने ते टेबल, ते स्टूल, ती भांडी काचेत बंद करून ठेवली. आता तिथे जाणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. काहींना टेबल बघायचं असतं. ती कधीच निराश होत नाहीत, टेबल आहे तिथेच आहे. काहींना अध्यक्षांना लागली तशी चव हवी असते, त्यांचं काही सांगता येत नाही. तुमच्या यांना मी पहिल्या प्रकारात धरते. त्यांना त्या जागी जायचं असतं, पडद्यावर पाहिलेल्या भिंतीपाशी बसायचं असतं. हा छंद आहे आणि छंद म्हणून त्यात वावगं काही नाही. फक्त त्याला जेवणाची निवड म्हणू नका. घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

"काय अप्रतिम होतं ना!" याचंही थोडं बघू. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. १९५९ मध्ये अ‍ॅरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात यायचं आमिष दाखवलं. काहींना सहज प्रवेश दिला, काहींना आधी चांगलंच ओशाळवाणं दिव्य करायला लावलं. मग सगळ्यांना गटातली चर्चा ऐकवली, ती मुद्दाम कंटाळवाणी केलेली. जिने दिव्य केलं होतं तिला तीच चर्चा जास्त रंगतदार वाटली. दीड तास रांग, वाकडी केलेली वाट, बायकोच्या कपाळावरची आठी, एवढं सोसल्यावर ताट बेचव होतं असं कबूल करणं कुणालाही जड जातं. इंटरनेटवरचे अभिप्राय वाचतानाही हे ध्यानात असू द्या. टीव्हीवर गाजलेल्या हॉटेलांखाली एकतर पाच तारे सापडतात नाहीतर एक. पाचवाल्यांनी रांगेची वसुली केलेली असते, एकवाल्यांनी रांगेचा राग काढलेला असतो. मधले तीन तारे देऊन 'रस्सा चांगला, भात जास्त शिजलेला' असं लिहिणारा माणूस सापडला तर त्याचं ऐका.

तर मग जायचं की नाही? जा, पण जरा बघून जा.

सगळ्यात आधी तारीख शोधायची. भाग तुम्ही काल पाहिला असेल, पण पुनर्प्रक्षेपणं वर्षानुवर्षं चालतात आणि चित्रण तर पहिल्या प्रक्षेपणाच्याही काही महिने आधीचं असतं. तेवढ्या काळात हॉटेल विकलं गेलेलं असू शकतं, आचारी दुसरीकडे गेलेला असू शकतो, कधी हॉटेलच उरलेलं नसतं. कार्यक्रमात जो माणूस कढईपाशी उभा होता तो अजून तिथे आहे का, हे फोन करून सरळ विचारायचं. असला तर अभिमानाने सांगतात. नसला की उत्तर लांबतं.

नुकतंच दाखवलेलं हॉटेल असेल तर पहिले काही महिने तिकडे फिरकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते स्वयंपाकघर तेव्हा पुरात सापडलेलं असतं. वर्ष-दीड वर्षाने पूर ओसरतो, नव्या मुलांचा हात बसतो, नेहमीची माणसं हळूहळू परततात. त्यातूनही जे हॉटेल टिकून आहे आणि ज्याचं मेनूकार्ड आखूड झालंय तिथे डोळे झाकून जावं. मेनूकार्ड फुगलं असेल, शाखा भराभर निघाल्या असतील आणि गल्ल्यामागे टी-शर्ट आणि कॉफीचे मग विकायला टांगले असतील, तर मी चहा पिऊन निघेन. निवेदकाबरोबरचा फोटो भिंतीवर असण्याला माझी हरकत नाही, तो कुणीही लावेल.

वेळ आडवारची घ्यायची, जेवणाच्या गर्दीच्या थोडं आधीची. टीव्हीवरचा पदार्थ सगळ्यांत मिळून एकच मागवायचा. बाकीचं मागवताना इकडे तिकडे बघायचं. कोपऱ्यात एकटाच बसून, फोटो न काढता, मान खाली घालून जेवणारा कुणी दिसला की तो जे खातोय ते मागवायचं. आणि घड्याळावर नजर ठेवायची. टीव्हीवर जो पदार्थ व्हायला वीस मिनिटं लागत होती तो तीन मिनिटांत आला, तर तो केव्हातरी सकाळीच झालेला आहे. रात्रभर शिजणाऱ्या रश्श्याला हा नियम लागू नाही, तळणीला आणि भाजणीला मात्र नक्की लागू.

गिऱ्हाइकांनी टाकलेले गेल्या महिनाभरातले फोटो बघायचे. जितके वाईट काढलेले तितके चांगले. पिवळ्या उजेडातल्या, अर्धवट खाल्लेल्या ताटाच्या फोटोवरून खरं ताट कळतं.

आता तुमच्या सासू-सासऱ्यांचं जेवण. तिथे नेऊ नका.

माझा या हॉटेलवर आक्षेप नाही, मला ते माहीतही नाही. पण चाळीस वर्षांच्या संसाराचं जेवण हे न चाखलेल्या जागी करायचं नसतं, त्यातून जिथे गर्दीचा भरवसा नाही तिथे तर नाहीच. उत्सवमूर्तीचे गुडघे दुखत असतील तर पहिला निकष खुर्ची. दुसरा निकष, ठरलेल्या वेळी टेबल मिळणं. तिसरा, जेवण झाल्यावरही तासभर बसून राहिलं तर कुणी ताटं उचलायची घाई न करणं. त्या दिवशी जेवणाएवढीच बोलण्याची भूक असते. टीव्हीने गाजवलेलं हॉटेल या तिसऱ्या कसोटीला हमखास नापास होतं. त्यांच्या टेबलाला तास जातो तो परवडत नाही.

आणि अहो, ज्यांचं लग्न आहे त्यांना कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात ते कुठेच दिसलं नाही. सासूबाईंना आधी विचारा, सासऱ्यांच्या समोर नको, एकट्या असताना. चाळीस वर्षांत बाहेर कुठे जेवलेलं आठवतंय, असं विचारा. एखादं नाव निघालं आणि ती जागा अजून चालू असली, तर बाकी सगळे वाद तिथेच संपले. नाव निघालं नाही तर तुम्ही जिथे चार-पाचदा जेवला आहात आणि एकदाही बिघडलं नाही, अशी जागा धरा.

यांना कसं सांगायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहे हे मला कळतं. 'तुमची हॉटेलं फसवी असतात' या वाक्याने सुरुवात केलीत तर ते त्या हॉटेलची वकिली करायला लागतील आणि आईवडिलांचं जेवण बाजूला राहील. त्यापेक्षा त्यांना काम द्या. 'एवढ्या सगळ्यांना घेऊन जायचंय तर तुम्ही आधी एकदा जाऊन बघून या ना, आडवारी आणि मग शनिवारी.' अशा माणसाला रेकीची जबाबदारी म्हणजे पर्वणी. जाताना हातात चार प्रश्न द्या: आत जायला किती वेळ लागला, पाठ टेकायच्या खुर्च्या आहेत का, आठ-दहा माणसांचं टेबल आधी सांगून मिळतं का, आणि शनिवारचं ताट आडवारच्या ताटासारखंच होतं का. चारही उत्तरं चांगली आली तर माझा सल्ला रद्द समजा आणि खुशाल जा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ते आल्या आल्या देतील ते धरू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

उत्तरं नाही जमली तर ते हॉटेल तुम्हा दोघांसाठी ठेवा. एखाद्या मंगळवारी चार वाजता जा, एकच ताट मागवा, त्यांना भिंतीपाशी बसवून फोटो काढा. कोमट असलं तर तेव्हाच, टेबलावरच सांगा, हसत सांगा. घरी येईपर्यंत गप्प राहून मग महिन्याभराने काढू नका.

रेकीला मात्र त्यांच्याबरोबर जाऊ नका, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. तुम्ही समोर असलात की त्यांना तुम्हाला पटवायचं असेल. एकटे असले की जेवतील.